ग्रहणातली वांगी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — आणि खरं म्हणजे ते सगळ्यात आधी तिलाच कळायला हवं होतं. तुम्हाला सांगतोय, कारण आता थकलोय. दुसरं काही नाही.

सिंदीला माझं कापडाचं दुकान आहे. दिवसभर गिऱ्हाइकांशी तोंड चालू असतं, बोलण्यात मी कुणाला ऐकत नाही. पण एक वाक्य — एकच — घरात कधी बोलता आलं नाही.

शुभांगी माझ्या मामाची मुलगी. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, असं आमच्यात म्हणतात. मामा नको म्हणत होते, त्यांना पोरीला शिकवायचं होतं. मीच रुसून बसलो, आईला मध्ये घातलं आणि लग्न करून घेतलं.

परी जन्मली तेव्हापासूनच वेगळी. श्वास मध्येच भरभर चालायचा, मध्येच थांबल्यासारखा व्हायचा. डोळे एका जागी ठरत नव्हते, पुढे मानही धरेना. आईला कारण लगेच सापडलं. शुभांगी पोटुशी असताना ग्रहण लागलं होतं, आणि तिनं विसरून पावशीवर, म्हणजे विळीवर, बसून वांगी चिरली होती. "म्या तुले सांगतलं नव्हतं काय व?" — आई बारशातसुद्धा हेच बोलली, सगळ्यांसमोर. सख्खी आत्या तिची! शुभांगी खाली मान घालून बसली.

पुढे परीला नागपूरला दाखवलं. मेंदूचा फोटो काढला. शुभांगी बाहेर तिला पाजत होती, म्हणून डॉक्टरांनी मला एकट्यालाच आत बोलावलं. लहान मेंदूच्या दोन बाजूंना जोडणारा मधला भाग नीट बनलाच नव्हता. फोटोत तिथं दाढेसारखा आकार दिसत होता. फार थोड्या मुलांना होतं म्हणाले, आणि होतं ते पोटात अगदी सुरुवातीलाच. मी ग्रहणाचं विचारलं. हो, विचारलं ना मी! ते म्हणाले, आईच्या हातून काहीच चुकलेलं नाही. दोष आईबाप दोघांकडून येतो, अर्धा-अर्धा; नात्यात लग्न झालं की दोन्ही अर्धे एकत्र यायची भीती जास्त. मग त्यांनी विचारलं — तुम्ही नात्यातले का?

मी बाहेर आलो. शुभांगीनं नुसतं वर पाहिलं. मी म्हणालो, डॉक्टरांनाही कारण सांगता येत नाही.

का म्हणालो असं? आईला लागेल म्हणून? बरीच वर्षं मी स्वतःची तशीच समजूत घातली. मग आई गेली — आणि तरीही मी बोललो नाही. तेव्हा कळलं, आईचं नुसतं नाव होतं. शुभांगीच्या त्या वांग्यांमागे मी हट्टानं केलेलं लग्न छान झाकलं जात होतं.

दुसरं मूल नको, असं तीच म्हणाली. "माह्या हातून पुन्हा असं नाई व्हाले पाह्यजे." मी मान डोलावली. लाज वाटते लिहिताना.

परी आता भिंत धरून चालते. तोल जातो, शब्द ओढत ओढत बोलते, पण हसते फार गोड. शुभांगी दिवसभर तिच्या मागे हात पसरून असते. परवाच्या ग्रहणाला शेजारची गरोदर सून दारात आली होती. मी चपला काढत होतो. शुभांगी तिला म्हणाली, "बाई, आज पावशीले हात लावजो नको. माह्या पोरीचं पाह्यलं ना?" मी चपला जागेवर ठेवल्या आणि आत गेलो.

त्या वांग्यांनंतर तिनं स्वतःही पावशीला हात लावलेला नाही. भाजी रोज मीच चिरतो, दुकान उघडायच्या आधी. आळीतल्या बाया आपापल्या नवऱ्यांना माझं उदाहरण देतात — नवरा असावा तर असा! शुभांगी पदरानं डोळे पुसत त्यांना म्हणते, "यायचे उपकार कुठं फेडू मी?"

मी ऐकतो, आणि चिरत राहतो.