नोंद घेतली, म्हणजे केलं काय?

आमच्या कचेरीत ताईंना सगळे 'पाठपुरावा' म्हणतात. अर्थात पाठीमागे, तोंडावर म्हणायची छाती खुद्द साहेबांचीही नाही. लहान मुलांवर अत्याचार करून शिक्षा भोगलेला कुणी परदेशी जायला निघाला, की तो पोचायच्या आत तिकडच्या पोलिसांना कळवायचं, हे ताईंचं काम. शेजारच्या टेबलावर मी नुसतं टपाल बघतो, त्यामुळे कान मोकळे.

घरीही त्या अशाच. एकदा चहाला गेलो, तर सासूबाई कुरकुरल्या, "गोळी घेतली म्हटलं तरी हिचा विश्वास नाही. सून आणली की फौजदार?"

"फौजदारच, आई. आ करा."

परवा एका पोहण्याच्या मास्तरबद्दल ताईंची सूचना तिकडे गेली. मुलांजवळ काम करायला त्याला कायमची बंदी. 'जरा फिरून येतो' म्हणून गडी सकाळीच विमानात बसलेला, आणि तिकडच्या एका मुलांच्या शिबिराच्या जाहिरातीत नवा शिक्षक म्हणून त्याचा हसरा फोटो! संध्याकाळी हा उतरणार, दुसऱ्या दिवशी मुलं पाण्यात.

पलीकडून उत्तर आलं, 'नोंद घेतली.'

सरकारी खुर्चीत केस पिकवलेल्यांना ठाऊक असतं, 'नोंद घेतली' हा 'बघू'चाच सुटाबुटातला भाऊ. तरी मी म्हटलं, "चला, सुटलात ताई!"

ताईंनी फोन उचलला. "नोंद घेतली, म्हणजे केलं काय?"

पलीकडचा अधिकारी गोड बोलत होता. कागद फाईलला लागला होता म्हणे.

"विमानतळावर कळवलंत?"

"ते खातं वेगळं, मॅडम."

"मग त्या खात्याच्या माणसाला बोलवा. मी फोन धरून आहे."

"तो जेवायला गेलाय."

"मास्तर विमानात जेवलाय. तुम्ही बोलवा, दादा."

सगळं संभाषण परभाषेत, 'दादा' तेवढा आपला. त्याचा अर्थ पलीकडे कळला नसेल, आवाज कळला. विमानतळावरचा माणूस तोंडातला घास गिळत फोनवर आला. ताईंनी त्याच्याकडून सूचना मोठ्यानं वाचून घेतली. मास्तरचं आडनाव नावाच्या जागी लिहिलेलं निघालं. ते सरळ करूनच त्याला जेवायला सोडला.

संध्याकाळी निरोप आला. मास्तरला दारातच अडवला, शिबिराला कळवलं, पुढच्या विमानानं परत.

"ताई, आता तरी चहा घ्या," मी म्हटलं.

त्या आपल्याच विमानतळाचा नंबर फिरवत होत्या. "हो, तोच. परत येतोय. उतरल्यावर ताब्यात कोण घेणार? नाही, 'कुणीतरी' नको. नाव सांगा."