गुळातलं टोक

खिशातल्या चाकूंचे व्हिडिओ तासन्‌तास बघणाऱ्या माणसाची मला आता शिसारी येते. दोन वर्षांपूर्वी तो माणूस मीच होतो.

कोल्हापूरच्या बाजार समितीतल्या गूळ सौद्यात आमचं दोन पिढ्यांचं खरेदीचं काम आहे. शेतकऱ्याचे रवे, म्हणजे गुळाचे घट्ट गोळे, ओळीनं मांडलेले असतात. खरेदीदारानं रव्याच्या अंगात चाकू खुपसायचा, मनगटाला एक पीळ द्यायचा आणि टवका उचकटून काढायचा. मग रंग बघायचा, कण बघायचा, जिभेवर ठेवायचा. आमच्या धंद्यात खिशात मोबाइलच्या आधी चाकू जातो.

वडिलांचा चाकू पेठ वडगावच्या एका लोहारानं ट्रकच्या कमानपाट्यातून घडवलेला. काळपट, आखूड, टोकाला जाड, लाकडी मुठीत मिटणारा. पेरू कापला की डाग पडायचे, पावसाळ्यात तेल विसरलं की गंजायचा. वडिलांनी सौद्यात येणं थांबवलं आणि तो माझ्या हातात दिला, तेव्हा मला तो धरायचीसुद्धा किळस वाटली. मुठीच्या भेगेत कित्येक वर्षांचा गूळ काळा होऊन बसला होता. मी तो सरळ ड्रॉवरमध्ये टाकला.

आधी बाजारातला चकचकीत स्टेनलेसचा घेतला. गंज नाही चढला, पण आठवड्यात धार मेली आणि एका कडक रव्यात पातं चक्क वाकलं. मग मी अभ्यास सुरू केला. अभ्यास! कुठल्या पोलादात कार्बन किती, कुठलं पातं पोटाला गोल, कुठलं सरळ, कुठलं निमुळतं. जेवताना, संडासात, सगळीकडे हेच. शेवटी परदेशी बनावटीचा महागडा चाकू मागवला. त्याच्या पोलादाच्या नावात अक्षरं कमी आणि आकडे जास्त होते. टोक सुईसारखं. सौद्यात चारचौघांना मी मनगटावरचे केस उडवून धार दाखवायचो. आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

घरी वडील रोज संध्याकाळी एकच विचारायचे, "टोक हाय न्हवं?"

"आप्पा, कसलं स्टील हाय ते बघा तरी. टोक जातंय कुठं?"

ते चाकू हातात घ्यायचे, टोकावरून अंगठा फिरवायचे आणि परत द्यायचे. म्हाताऱ्यांना जुन्याचंच कौतुक, असं मी बायकोला हसत सांगायचो.

एवढ्या व्हिडिओंत एक गोष्ट मी शंभर वेळा ऐकली होती. पोलाद जितकं कडक तितकं ठिसूळ. असलं टोक कापायला असतं, उचकटायला नव्हे. ऐकली आणि सोडून दिली. पीळ देणं हातात इतकं मुरलेलं, की आपण उचकटतोय असं कधी वाटलंच नाही.

मागच्या थंडीत, संक्रांतीच्या आधी, शिरोळकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा ढीग मी घेतला. सोनेरी गूळ, दाताखाली कण लागावा असा. वीसेक रवे तपासले, टवके चाखले, सौदा ठरवला आणि चहाला गेलो. टपरीवर कुणाला तरी मिरवायला चाकू उघडला, तर टोक नव्हतं. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा गेला होता.

तो कुठे असणार, हे मला त्याच क्षणी कळलं. आणि मी काय केलं? चाकू मिटून खिशात घातला. खाली पडला असेल, असं मनाशी म्हटलं आणि दुसरा चहा सांगितला. तो गूळ कुणाच्या तरी घरी तिळाच्या लाडवांसाठी फुटणार होता, कुणाच्या तरी घशात पोलादाचं कुसळ जाणार होतं, आणि मी चहात बिस्किट बुडवून खात होतो.

परतलो तेव्हा हमाल रवे टेम्पोत चढवत होते. शेतकरी तपासणीतले उरलेले टवके टॉवेलच्या कोपऱ्यात बांधत होता, घरी न्यायला. ती गाठ बघितली आणि माझ्या तोंडून निघालं, "थांबा! त्ये खाऊ नका. माझ्या चाकूचं टोक मोडलंय."

त्यानं गाठ सोडून एकेक टवका बोटांनी चुरडून पाहिला. काही नव्हतं. मग हमालांनी शिव्या घालत सगळे रवे उतरवले, आणि चाकूची खूण असलेला प्रत्येक रवा मी फोडला. त्या देखण्या गुळाचा माझ्या हातांनी चुरा झाला. शेतकरी शेजारी बसून नुसता बघत होता. बऱ्याच वेळानं एका रव्यात ते टोक चमकलं.

त्यानं ते बोटावर घेतलं. "शेट, तुमचं वडील दर रव्याला चाकू काढला की टोकावर अंगठा फिरवायचं की. मला वाटायचं, गूळ पुसत्यात."

मी लहानपणापासून त्यांच्या शेजारी उभा राहिलो होतो. मलाही तसंच वाटायचं.

संध्याकाळी वडिलांनी विचारलं, "टोक हाय न्हवं?"

मी चाकू त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांचा अंगठा टोकापाशी थांबला.

"कुणी खाल्लं न्हाय न्हवं?"

"न्हाय आप्पा. घावलं."

"कवा कळलं तुला?"

"च्या पिताना."

"आन् सांगितलंस कवा?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण त्यांचा अंगठा अजून त्या मोडक्या टोकावरच होता.

"दुसरा च्या संपल्यावर."

त्यांनी चाकू जमिनीवर ठेवला, उठून मोरीवर गेले आणि साबण लावून दोन्ही हात धुतले.