करार झाला की जाळी उतरायची

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. आमचे हे उरवड्यातल्या एका कारखान्यात प्रेसवर होते. प्रेस म्हणजे पत्र्याला आकार देणारं मशीन. वरून लोखंड धाडकन खाली येतं आणि पत्रा पाहिजे तसा दाबून टाकतं. मी तेव्हा घर, गोठा आणि दोन भातखाचरं सांभाळत होते. कारखान्यातलं मला एवढंच ठाऊक, की हे घरी आले की चूळ भरतात आणि कुणाशी न बोलता आडवे होतात.

पण मधूनच काही दिवस असे यायचे, की हे ताजेतवाने घरी यायचे. गप्पा मारायचे, म्हशीला पाणी दाखवायचे. मी विचारायची, "आज लवकर सुटला व्हय?" तर हसून म्हणायचे, "न्हाई गं. सध्या नियमानं काम चालू हाय." मी आपली शेजारणींत मिरवायची, आमच्या ह्यांची कंपनी लई नियमाची हाय म्हणून. काय खुळी होते बघा!

एका दुपारी युनियनचे पुढारी दारात उभे. ते यांचे जिगरी दोस्त, मी त्यांना भावजी म्हणायची. आदल्याच दिवशी पगारवाढीच्या कराराचे पेढे घेऊन आले होते. आज तोंड पांढरंफटक. "वहिनी, चला. घाबरू नका," म्हणाले. असं म्हटल्यावर माणूस घाबरणार नाही तर काय करणार? पिरंगुटच्या दवाखान्यात पोचले तर यांचा उजवा हात कोपरापर्यंत गुंडाळलेला. अंगठा आणि करंगळी राहिली होती. मधली तीन बोटं मशीनखाली गेली होती.

डॉक्टर भावजींना म्हणाले, "मशीनला गार्ड नव्हता का?" भावजी तसेच बाहेर गेले. मी त्यांना व्हरांड्यात गाठलं, तेव्हा कळलं. मशीनच्या तोंडाला लोखंडी जाळी असते. ती बसवलेली असली, की बंद झाल्याशिवाय वरचं लोखंड हलतच नाही, म्हणजे हात आत सापडायचा प्रश्नच नाही. सरकारचा तसा नियमच आहे. पण जाळी लावली की माल निम्माच निघतो.

"मग काढली कुणी? साहेबानं?"

"साहेब कशाला काढंल. आमीच काढतो, आमीच लावतो."

मला काही उमजेना. पुढं त्यांनी जे सांगितलं ते आठवलं की आजही डोकं भणभणतं. कंपनीशी भांडण लागलं की ही माणसं जाळ्या लावायची. आम्ही नियमानं काम करतोय, बोला काय बोलायचंय! माल अडला की कंपनीच्या नाकी नऊ यायचे आणि करारावर सही व्हायची. सही झाली की पेढे, आणि पेढे खाल्ले की जाळ्या खाली. इन्स्पेक्टर यायचा असेल तर कंपनीच म्हणायची, आजच्या दिवस लावा रे.

अगं बाई! म्हणजे हे ताजेतवाने घरी यायचे ते भांडणाच्या दिवसांत. आणि गोडीगुलाबी झाली की मशीन तोंड उघडून बसायचं. मी ओरडलेच, "अवो, पर जाळी हात वाचवायला असती ना?"

भावजी म्हणाले, "व्हय की. पर तसं कुणी बगतच न्हाई, वहिनी."

यांच्या जागी मला कामाला घ्यावं म्हणून युनियन भांडली, ते मी नाकारणार नाही. त्यासाठी जाळ्या पुन्हा चढल्या. माझी नोकरी पक्की झाली आणि त्याच दिवशी उतरल्या! यांच्या हाताची जखम अजून नीट भरलीही नव्हती.

पहिल्या दिवशी मी माझ्या मशीनपाशी गेले. जाळी मागं भिंतीला टेकवून ठेवलेली. फिटरला म्हटलं, आधी ही बसव. तो माझ्याकडं बघतच राहिला. मी हटले नाही, तेव्हा बसवली एकदाची. आजूबाजूची मशीनं एकेक करून थांबली. सुपरवायझर पळत आला, पण माझ्याकडं नाही, भावजींकडं. "अहो, परवाच मिटलं ना आपलं? मग हे काय आता?"

भावजी माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाले, "काढा ती, वहिनी. कंपनीला वाटंल आमी शब्द फिरवला."

मी काढली नाही. दिवसभर कुणी माझ्याशी धड बोललं नाही, डबासुद्धा एकटीनं खाल्ला.

संध्याकाळी यांना सगळं सांगितलं. वाटलं, दुसरं कुणी नाही तरी हे शाबास म्हणतील. हे डाव्या हातानं भाकरी मोडत होते, अजून नीट जमत नव्हतं. वर न बघता म्हणाले, "काढायची व्हतीस की. दोस्तांची पंचाईत केलीस."

मी यांच्या हाताकडं बघत राहिले. रागवावं की रडावं, कळेना. मेलं हे कसलं दोस्तीचं खूळ, तीन बोटं गेली तरी उतरेना!

दुसऱ्या दिवशी मी जाळी लावूनच बसले. पुन्हा सगळे गोळा झाले. सुपरवायझर हात कमरेवर ठेवून उभा. भावजी आता खरंच वैतागले होते. सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी, अवो मागणी तरी काय हाय तुमची?"

मी मशीन थांबवलं आणि दोन्ही पंजे उघडून त्यांच्या तोंडापुढं धरले.

"ही दहा," म्हटलं. "रोज संध्याकाळी घरी न्यायची हायेत."