बिनचेहऱ्याच्या चित्रासाठी घणसोली

लोक सुट्टीत लडाख गाठतात. मी वाशीहून घणसोलीला गेले. हसा खुशाल! अर्धं आयुष्य वाशीत गेलं, पण घणसोली गावात कधी पाय ठेवला नव्हता. आमच्याच सोसायटीत राहणारी माझी मैत्रीण सुजाता मूळची घणसोली गावातली. तिचा तिथून फोन आला, "मी स्वतःचंच चित्र काढलंय, उद्या प्रदर्शनाला जायचंय. आज आईला दाखवतेय. तिला नाही पटलं तर पाठवणार नाही. तू ये, जाम टेन्शन आलंय."

बसने जा, स्वस्त पडते. गाडी अजिबात नेऊ नका. गावठाणात दोन स्कूटर समोरासमोर आल्या तरी एकीला मागे सरावं लागतं. आणि उपाशी जा. सुजाताच्या आईने पुढ्यात ठेवलेली तांदळाची भाकरी आणि सुकट आमच्या सोसायटीत जन्मात मिळायची नाही.

मग माडीवर गेलो. भिंतभर चित्र. मिठागरात उभी बाई, भेगाळलेले पाय, ओंजळीत मीठ, केसांतून उगवलेले टॉवर. आणि चेहऱ्याच्या जागी लग्नात तांदळाच्या पिठाने काढतात तसा पांढरा चौक. बाई गं, अंगावर काटा आला!

"सोसायटीत मी गाववाली, गावात सोसायटीवाली," सुजाता म्हणाली. "चेहरा कुठला काढू?"

आई उसळली. "मेलेल्या मानसाचं पन तोंड बगतात गो! तू जित्तेपनी पुसलंस?"

सुजाताचे डोळे भरले. ती चित्रावर चादर टाकायला गेली, तर आईनेच तिचा हात धरला. गावातल्या कितीतरी लग्नांत चौक या आईनेच काढलेले. ती चित्रातला चौक बारकाईने बघत राहिली.

"काढलास बरोबर. पन चौक काय नुसता बगायला असतो? त्याच्यावर पाट मांडून नवरीला बसवतात. हा रिकामा नाय, कोनाची तरी वाट बगतो हाय."

ती खाली जाऊन पीठ आणि पाट घेऊन आली. चित्रासमोर जमिनीवर चौक काढला, पाट मांडला. "बस."

रंगाने माखलेली सुजाता बसली. आईने तिला हळदकुंकू लावलं. "आता ने तुजं चित्र."

रडले मात्र मी, अगदी भोकाड पसरून.

घरी येऊन दोन दिवस झाले, तरी तो चौक डोळ्यांपुढून हलत नाही. आज सुजाताने प्रदर्शनातला फोटो पाठवला. चित्रासमोर आईने तिथेही चौक काढून पाट मांडलाय. पाटावर बसायला कुणी धजेना, म्हणून शेवटी आईच बसली.

चित्रातल्या बाईचा चेहरा कुठाय असं कुणी विचारलं, की सुजाता म्हणे पाटाकडे बोट दाखवते.