सरांचा सत्कार आम्ही असा केला

मला सूड घ्यायचा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे शाल, पगडी, मानपत्र असं बरंच काही येणार आहे आणि ते वाचून माझ्याबद्दल कोणाचा चांगला समज व्हायला नको.

सूड घ्यायचा होता तो आमच्या कॉलेजच्या कबड्डी संघाच्या प्रशिक्षकांवर. आम्ही सगळे त्यांना नुसतं सर म्हणतो. मी त्यांच्या हाताखाली तीन वर्षं खेळलो. चढाईपटू होतो, आणि बरा होतो. शेवटच्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा अंतिम सामना होता, आम्ही एका गुणाने मागे होतो आणि शेवटची चढाई आमची होती. मी मध्यरेषेला हात लावून कपाळाला लावला, दम घेतला, आणि तेवढ्यात सरांनी हात वर करून मला बाहेर बोलावलं. माझ्या जागी दुसऱ्याला पाठवलं. तो गेला, समोरच्यांच्या अंगणातली निदान रेषा ओलांडली, कोणाच्या केसालाही धक्का न लावता धडधाकट परत आला. आम्ही हरलो. विद्यापीठाचा संघ निवडणारे तिथेच खुर्च्या टाकून बसले होते, त्यांच्या वहीत माझं नाव आलं नाही ते नाहीच.

त्या दिवशी माझे वडील कचेरीतून अर्धी रजा टाकून पहिल्यांदाच माझा सामना बघायला आले होते. घरी जाताना स्कूटरवर त्यांनी एवढंच विचारलं, "तुला का रे बसवलं?" मला सांगता येईना. वडील जाऊन सहा वर्षं झाली. उत्तर त्यांना द्यायचं राहूनच गेलं.

त्यानंतर मी खेळलो नाही. पण कॉलेजच्या मैदानाच्या दगडी पायऱ्यांवर बसून प्रत्येक सामना बघितला, अठरा वर्षं. खराडीला नोकरी लागली, धायरीत फ्लॅट घेतला, म्हणजे शहराची दोन टोकं झाली, तरी मधल्या पेठेतल्या त्या पायऱ्या सोडल्या नाहीत. लोकांना वाटायचं, काय हे कॉलेजवरचं प्रेम. प्रेम कसलं! सर हरताना बघायला मी जायचो.

आणि गेली तीन वर्षं ते दर सामन्याला हरत होते. आमची पकड अजून चांगली होती, पण चढाईच्या नावाने आनंद. मुलं जायची, रेषा ओलांडायची, घड्याळाकडे बघायची आणि परत यायची. सरांचं धोरणच ते होतं: चढाईपटूने जिवंत परत यावं, गुणांचं पकडवाले बघतील. पायऱ्यांवर आमच्यापैकी दोघेतिघे ठरलेले असायचे. एक काका, सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, मांडीवर वही घेऊन प्रत्येक रिकामी चढाई लिहून ठेवायचे. दुसरा माझ्या बरोबरीचा, धायरीचाच मूळचा गाववाला, आमच्या वेळचा उजव्या कोपऱ्याचा पकडवाला. सामना संपला की आम्ही समोरच्या अमृततुल्यमध्ये चहाला जायचो आणि तिथे दुसरा सामना सुरू व्हायचा.

"पायच वापरत नाहीत हो मुलं," काका म्हणायचे. "नुसते हात पुढे. हा काय भीक मागायचा खेळ आहे?"

"आवो काका, अंगात दमच न्हाय," धायरीवाला म्हणायचा. "जिममंदी जाऊन दंड फुगवलेत निस्ते. आमच्या वक्ताला नदीकडंच्या रानात पळवायचे आमाला. आता तिथं बिल्डिंगी हायेत."

मी दोघांचंही ऐकून घ्यायचो आणि शेवटी गाडी सरांवर आणायचो. मुलं बदलली, मॅट बदलली, दोन वर्षांत दोन सहायक प्रशिक्षक बदलले, बदलला नाही तो एकच माणूस. हे सहायक आमच्याच ओरड्यामुळे आणले होते. दोघेही आले, सरांच्या पाया पडले, त्यांच्यासारखंच शिकवू लागले आणि निघून गेले. व्यवस्थापनाकडे आम्ही अर्ज दिला तर प्राचार्य मॅडम म्हणाल्या, सर मानधनावर आहेत, त्यांना निवृत्तीचं वय लागू नाही, आणि इतक्या ज्येष्ठ माणसाला जा कसं म्हणणार?

त्या दिवशी चहा पिताना मला सुचलं. जा म्हणायचंच नाही. सत्कार करायचा.

आपल्याकडे माणसाला घालवायचा इतका सभ्य मार्ग दुसरा नाही. "प्रदीर्घ सेवेनंतर सरांचा कृतज्ञतापूर्वक निरोप" असं मी स्वतः पत्रिकेवर छापून घेतलं. माजी खेळाडूंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. शंभराच्या वर अंगठे आले, कोणी रडका चेहरा टाकला, कोणी हार. सर निवृत्त होतायत हे सगळ्यांना कळलं. फक्त सरांना माहीत नव्हतं. पत्रिका त्यांच्या घरी पोस्टाने पाठवली. गावभर झाल्यावर माणूस काय म्हणणार, मी निवृत्त होत नाहीये? मला ते दृश्य डोळ्यांपुढे आणून आठवडाभर गाढ झोप लागली.

पाच दिवसांनी त्यांचा फोन आला. मी बाल्कनीत गेलो, दार लावून घेतलं आणि ऐकायला तयार झालो.

"पत्रिका मिळाली," ते म्हणाले. "चारची वेळ आहे. मी साडेतीनला आलो तर आपली गैरसोय नाही ना होणार?"

"नाही सर."

"बरं. ठेवतो."

आपली! आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला अहो-जाहो केलं होतं. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पण मी मानपत्र लिहिण्यात गर्क होतो. आजवर मी काही लिहिलं असेल तर ते मानपत्र. "आपण शिकवलेल्या संयमामुळे आपले चढाईपटू सदैव सुखरूप परत आले. प्रतिस्पर्ध्यांनाही आपण कधी दुखावले नाही. विजयाचा मोह आपणांस शिवला नाही." एकेक वाक्य मी ऑफिसच्या बसमध्ये घोळवून घोळवून धार लावलेलं होतं. बुधवार पेठेतून फ्रेम करून आणलं, लक्ष्मी रोडवरून शाल आणली, जरा जाडच, सोनेरी काठाची. दुकानदाराने विचारलं, "कोणासाठी?" मी म्हटलं, "आमच्या सरांसाठी," आणि माझा गळा भरून आल्यासारखा आवाज निघाला. तो आनंदाने होता.

कार्यक्रम कॉलेजच्याच सभागृहात झाला. सर साडेतीनला आले, पहिल्या रांगेत बसले. प्राचार्य मॅडमच्या हस्ते पगडी झाली, नारळ झाला, शाल मीच घातली. मानपत्र मी वाचलं. "विजयाचा मोह शिवला नाही" या वाक्याला टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळे ते कौतुकच समजले! काकांनी तर डोळे पुसले. मी सरांकडे बघितलं. ते पगडीखालून माझ्याकडेच बघत होते, शांतपणे.

मग ते उत्तराला उठले.

"मानपत्र कोणी लिहिलं ते मला ऐकताक्षणी कळलं," ते म्हणाले. "हा गृहस्थ अठरा वर्षं पायऱ्यांवरून मला हेच ओरडून सांगतोय. आज पहिल्यांदा शुद्धलेखनासह सांगितलं." लोक हसले. "खेळ त्याला कळतो. चुका तर त्याला माझ्याही आधी दिसतात. तेव्हा मी आज सकाळीच मॅडमना पत्र दिलं आहे की माझ्या जागी त्याची नेमणूक करावी. आणि मॅडमनी ते मान्य केलं आहे."

टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. धायरीवाल्याने मला मागून ढकलत स्टेजवर आणलं. मॅडम हसत होत्या. भरल्या सभागृहात, लोक उभे राहून टाळ्या वाजवत असताना, मला जमणार नाही असं म्हणायला जी हिंमत लागते ती माझ्यात नव्हती. हेच मी सरांबद्दल धरून चाललो होतो, नाही का? त्यांनी जाता जाता माझ्या पाठीवर थाप मारली. "शुभेच्छा, प्रशिक्षक साहेब," म्हणाले.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "मिळालं ना हवं ते?"

मी मनात म्हटलं, ठीक आहे. असं तर असं. मीच जिंकून दाखवतो, म्हणजे म्हाताऱ्याला कायमचं कळेल की तीन वर्षं त्याने काय वाटोळं केलं. संध्याकाळी खराडीहून लवकर निघायला मी ऑफिसात तोंड वाकडं होईस्तोवर हांजी हांजी केली. मुलांना सांगितलं, आजपासून रेषा ओलांडून परत यायचं नाही, आत घुसायचं. मुलं खूश झाली. "सर, एकदम ॲटॅकिंग मोड," त्यांच्यातला एक म्हणाला. पहिल्या सामन्यात ती आत घुसली आणि तिथेच राहिली. एकामागून एक पकडली गेली. पूर्वी आमच्या चढाया रिकाम्या जायच्या, आता आमचं अंगण रिकामं व्हायला लागलं. दुसऱ्या सामन्यात तेच. मग ग्रुपवर सुरू झालं.

"आक्रमणाला काही दिशा दिसत नाही."

"पूर्वी निदान पोरं परत तरी येत होती."

हे दुसरं काकांनी लिहिलं होतं, ज्यांच्या वहीतल्या रिकाम्या चढाया पुरावा म्हणून मी अर्जाला जोडल्या होत्या.

आणि सर? सर प्रत्येक सामन्याला येत होते. माझ्याच जागी, तिसऱ्या पायरीवर बसत होते. ओरडत वगैरे नव्हते. थंडीचे दिवस, दगड गार, म्हणून त्यांनी बुडाखाली एक जाड शाल घडी करून घेतलेली असायची. सोनेरी काठ मला मॅटवरून दिसायचा.

तिसऱ्या सामन्यात आम्ही खरंच बरे खेळलो. शेवटची चढाई आमची होती आणि आम्ही एका गुणाने मागे. ज्या मुलाने त्या दिवशी सगळ्यात जास्त गुण आणले होते तो मध्यरेषेपाशी जाऊन उभा राहिला. त्याने रेषेला हात लावला. आणि माझा हात वर गेला. मी त्याला बाहेर बोलावलं आणि दुसऱ्याला पाठवलं.

का, ते विचारू नका. दुसरा गेला, पकडला गेला, आम्ही हरलो. बाहेर बसवलेला मुलगा बूट न काढता, माझ्याकडे न बघता निघून गेला. त्याची पाठ मी ओळखली. मैदान रिकामं झाल्यावर मी पायऱ्यांकडे गेलो. सर शालीची घडी काखेत मारून उतरत होते.

"सर," मी म्हटलं, "एक विचारायचं होतं. आमच्या शेवटच्या वर्षी, फायनलला, मला का बसवलंत?"

ते थांबले. त्यांना ते आठवतंय हे त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसलं, आणि त्याचंही मला बरं वाटलं.

"आज त्या पोराला का बसवलंस?"

मी कारण शोधलं. मुलगा दमला होता असं म्हणता आलं असतं, पण दमला नव्हता. समोरचा कोपरा भक्कम होता असं म्हणता आलं असतं, पण तो दुसऱ्यालाही तेवढाच भक्कम होता.

"वाटलं," मी म्हटलं.

"मलाही वाटलं होतं," सर म्हणाले आणि पुढच्या पायरीवर पाय टाकला. दोन पायऱ्या उतरल्यावर वळून म्हणाले, "चुकलंच होतं ते. तुझं आजचंही चुकलं."

अठरा वर्षं मी त्या कारणाला किती रंग दिले होते. मत्सर, वशिला, जात, पैसा, सगळं त्या माणसाला लावून बघितलं होतं. आणि निघालं काय तर वाटलं. वडिलांना हे सांगितलं असतं तर त्यांनी स्कूटर बाजूला घेऊन मला पुन्हा विचारलं असतं. माझा राग त्या दिवशी जावा, असं कोणालाही वाटेल. नाही गेला. उलट आता तो ठेवायला जागाच उरली नाही, म्हणून तो आणखी चिडला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या बसमध्ये बसलो आणि ग्रुप उघडला. कोणीतरी सरांना ग्रुपमध्ये घेतलं होतं, आणि सध्याच्या मुलांनाही. बहुधा काकांनी. सरांचा तो पहिलाच संदेश, पूर्णविरामासकट:

"आपल्या विद्यमान प्रशिक्षकांच्या सेवेची योग्य दखल घेऊन त्यांचा यथोचित सत्कार व्हावा, असे सुचवतो. मानपत्र मी लिहीन. शाल नवीन आणण्याची गरज नाही. माझ्याकडे आहे, फक्त बसायला वापरली आहे."

खाली पहिला अंगठा काकांचा होता. दुसरा, कालच्या त्या मुलाचा.