मागं वारा बरा लागतो

दुपारी दोनच्या सुमाराला माझ्या सायकलच्या दुकानावर कुत्रं पण फिरकत नाही. भुसावळचं ऊन आहे ते, सायकलचं सीट हातानं शिवता येत नाही. मी बाकड्यावर आडवा होतो. उशाला बॉल घेतो. बास्केटबॉल, रबरी. त्यात हवा अर्धीच आहे, म्हणून डोकं बरोबर बसतं.

बॉल सुखाचा आहे. सुखदेव तायडे. कॉलनीला तायडे सर, मला सुखा. दोन महिन्यांमागं आणून टाकला, म्हणाला, "दगड्या, हवा धरत नाही, बघ." मी पाण्यात बुडवला, बुडबुडा निघाला तिथं खडूनं खूण केली आणि ठेवून दिला. मग सुखा दवाखान्यात गेला. आज त्याला जाऊन अकरा दिवस झाले. खूण अजून तशीच आहे.

आज साडेपाचला रेल्वे कॉलनीच्या हॉलमध्ये त्याच्या पुण्यानुमोदनाची सभा आहे. मला बोलायला सांगितलंय. सुखा खेळ शिकवायचा ती पोरं म्हणाली, दगडूकाका, तुम्ही दोघं एका टीममध्ये होता, तो फायनलचा बास्केट सांगा. मी हो म्हणालो. काय सांगणार, माहीत नाही. अकरा दिवसांत रडू नाही, राग नाही, भूक पण नाही. सून डबा देते, पोळी आणि दुधीची भाजी. तसाच परत जातो. पाय आखडून मुंग्या येतात ना, तसं पूर्ण अंगाचं झालंय. आपलंच आहे, पण आपलं वाटत नाही.

डोळे जड होतात. पत्रा तापून कडकड वाजतो. मग कुठूनतरी आवाज येतो. धप.

कुणीतरी बॉल टाकतंय, मी म्हणतो. या उन्हात कोण रे.

धप.

बघतो तर सुखा हवेच्या मशीनपाशी उभा आहे. गळ्यात शिट्टी, मनगटाला दवाखान्याची पट्टी. ती कुणी कापलीच नाही.

"हवा मारतो का झोपतो?" तो म्हणतो.

"तू मेला ना रे भो?"

"हो. म्हणून काय दुकान बंद ठेवायचं?"

मला भीती वाटत नाही. आनंद पण होत नाही. मी सरकून त्याला बाकड्यावर जागा करून देतो. तो बसतो. बाकडं कुरकुरत नाही, तेवढं मला कळतं.

"आज बोलायचंय मला तुझ्यावर," मी म्हणतो.

"कळलं. बास्केट सांगणार म्हणे."

"मग काय सांगू?"

तो समोर बोट करतो. समोर टायर टांगलेली भिंत असते माझी. आता तिथं चादर आहे, पांढरी, कोपऱ्याला रेल्वेचा शिक्का. मी हॉलमध्ये आहे. पुढं पोरांची डोकी, तेल लावलेली, तीस-चाळीस. माझ्या हातात मशीनचं बटण.

तुम्हाला हे सांगायला पाहिजे. सुखा दर मे महिन्यात कॅम्प घ्यायचा आणि पहिल्या रविवारी पोरांना सिनेमा दाखवायचा. बास्केटबॉलचे तीन-चार इंग्रजी सिनेमे होते त्याच्याकडं. पहिले कॅसेटवर, मग सीडीवर, मग कसल्या काडीवर. मशीन चालवायचो मी. मी आठवी नापास, मला इंग्रजी काय कळणार. पोरांना पण नाही. सुखा उभा राहून मराठीत सांगायचा.

सगळ्या सिनेमांची गोष्ट एकच. टीम हरणारी असते. कोच खडूस, नाहीतर दारुडा. एक पोरगा एकट्यानंच बॉल घेऊन पळतो, त्याला कोच बाकावर बसवतो. कुणाचा भाऊ तुरुंगात, कुणाची आई दोन ठिकाणी कामाला. आणि शेवटी तीन सेकंद राहिलेले असतात. पोरं त्या तीन सेकंदांसाठी यायची. सुखाला त्यात काही नव्हतं. तो म्हणायचा, "जिंकलेलं बघू नका रे, ते सिनेमावाल्याच्या हातात असतं. बसमध्ये कोण कुणाशेजारी बसतं ते बघा. शेवटचा बॉल टाकला कुणी ते सगळ्यांना आठवतं, दिला कुणी ते कुणाला नाही."

आणि तो सांगायचा कसा. पडद्यावर काळा पोरगा दोन शब्द बोलायचा. सुखा म्हणायचा, "हा म्हणतो, सर, आमच्या वस्तीत नळाला पाणी नाही, वीज दोन तास, माझा बाप कामावरून येतो तर त्याला कुणी खुर्ची देत नाही, आणि तुम्ही मला वेळेवर या म्हणता."

एखादं पोरगं विचारायचं, "सर, एवढं बोलला तो?"

"इंग्रजीत थोडक्यात बोलतात," सुखा म्हणायचा.

आता पण सिनेमा चालू आहे. कुठला, ते मला कळतं. टीमची बस रस्त्यावरच्या हॉटेलपाशी थांबते. मालक दारात येतो. टीममध्ये काळा पोरगा एकच आहे. मालक त्याच्याकडं बघून मागच्या बाजूला बोट करतो. या जागेवर सुखा दर वर्षी म्हणायचा, "दगड्या, बंद कर. चहा घेऊन ये." मी बटण दाबायचो आणि किटली घेऊन जायचो. परत यायचो तर सुखानं सिनेमा पुढं नेलेला, मॅच सुरू. वीस-बावीस वर्षं. पुढं काय होतं ते मी एकदाही बघितलं नाही.

मी बटण दाबतो. सिनेमा थांबत नाही.

"चालू दे," सुखा म्हणतो.

"तू थांबवायचा ना इथं."

"थांबवायचो."

"तुला बघवत नसेल म्हणून, मला वाटायचं."

"मला कशाला बघवणार नाही? मला तर पाठ होतं." तो शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळतो. "तुझ्यासाठी थांबवायचो. पोरं तुला काका म्हणतात. पोरांसमोर काकाला कशाला."

मी परत बटण दाबतो, काही होत नाही. पोरांची डोकी पण हलत नाहीत.

"पुढं काय होतं?" मी विचारतो. "सगळी टीम उठत असेल."

"तसं असतं तर कशाला थांबवला असता? तिथंच दोनदा दाखवला असता." तो हसतो. तसाच, नाकातून. "कुणी उठत नाही. सगळे खातात. खूप वेळ खातात. मग एक जण उठतो, सगळं संपल्यावर. ताट घेऊन मागं जातो."

"आणि?"

"आणि बसतो शेजारी. दोघं काही बोलत नाहीत. सिनेमावाल्यानं तिथं संगीत पण घातलं नाही. मला वाटतं पैसे संपले असतील."

चादर वाऱ्यानं हलते. तिच्यावर आता हॉटेल नाही. पडवी आहे, शेणानं सारवलेली. खांबाला पितळी घंटा. माझ्या मामाचं घर आहे ते.

मी पंगतीत बसलोय. अठरा वर्षांचा, गुडघे खरचटलेले. आजूबाजूला टीम, माझ्यासकट सहा जण. समोर ताट आहे, त्यात शेवभाजी, कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत. आम्ही जिल्ह्याच्या मॅचला आलोय, उद्या फायनल आहे, आणि मामा म्हणाला होता, जवळच आहात तर टीमला घेऊन ये जेवायला. आम्ही सात होतो. पंगतीत सहा आहोत.

मी उलगडून सांगतो, कारण हे मी कुणालाच सांगितलं नाही. आम्ही आलो, हातपाय धुतले. मी चुलीपाशी गेलो पाणी प्यायला. मामीनं भाकरी थापता थापता विचारलं, "तो उंच पोरगा कोणाचा?" मी म्हणालो, "तायड्यांचा." मामीचा हात थांबला. "म्हणजे वस्तीतला?" मी म्हणालो, "हो." बस. नाही म्हणता आलं असतं. माहीत नाही म्हणता आलं असतं. मामाच्या घरात मी लाडका होतो, मी म्हणालो असतो की मामी, तो माझ्या शेजारी बसेल, तर मामीनं तोंड वाकडं केलं असतं आणि वाढलं असतं. मी हो म्हणालो आणि पाणी प्यायलो.

बाहेर ताटं मांडली जात होती. कुणी काही बोलायच्या आधीच सुखा म्हणाला, "मी मागं बसतो. मला मागं वारा बरा लागतो." आणि गेला. गोठ्याकडं. मामीनं पत्रावळीवर वाढून लांबून सरकवलं. सगळ्यांना हायसं वाटलं. मला पण वाटलं.

मग आम्ही जेवत होतो आणि मागून आवाज आला. धप. त्यानं मुठीनं कांदा फोडला होता.

आता पण येतो आवाज. पंगतीत कुणी मान वर करत नाही. मी उठायचं म्हणतो. पाय हलत नाहीत. मुंग्या आल्यात, कमरेपर्यंत. ताटातली भाजी संपते, परत भरते. मी खातोय आणि चव नाही.

धप.

"दगड्या," पडवीच्या खांबाला टेकून म्हातारा सुखा म्हणतो, पट्टीवाला. "मी काय बोलावणार नाही हं. सिनेमात पण बोलावत नाही."

मी हात टेकतो. जमीन थंड आहे. उठायला खूप वेळ लागतो, सत्तरीच्या माणसाला लागतो तेवढा. ताट उचलतो. चुलीपाशी मामी आहे, ती न बघता म्हणते, "कुठं चालला? वाढलंय ना तुला." मी म्हणतो, "मागं." ती भाकरी थापत राहते. मी दार ढकलतो.

मागं आपलं कोर्ट आहे. कॉलनीचं, सिमेंटचं, भेगांत गवत. रिंगला जाळी नाही. पलीकडच्या टोकाला गोठा, दोन म्हशी रवंथ करून राहिल्यात. फाऊल लाइनवर पत्रावळ मांडून सुखा बसलाय, आता अठरा वर्षांचा, पट्टी मात्र मनगटाला आहेच. मी त्याच्या शेजारी बसतो. खाली ओलं आहे.

वारा खरंच बरा लागतो.

एक म्हैस शेपूट हलवते.

"मामीला मी सांगितलं होतं," मी म्हणतो.

"माहीत आहे. मी तिथंच मोरीपाशी पाय धूत होतो. मागं सगळं ऐकू येतं."

"कधी बोलला नाहीस."

"तू तरी कुठं बोललास?"

"तुझ्या घरी मी कितीदा जेवलो. तुझ्या बायकोच्या हातचं खाल्लं. त्यानं काही फिटलं नाही ना रे?"

"तिचा स्वयंपाक बरा होता म्हणून खाल्लंस," तो म्हणतो. "हिशोब कशाला घालतो त्याच्यात."

मी ताटाकडं बघतो. मग जे विचारायचं होतं ते विचारतो. "दुसऱ्या दिवशी फायनलला शेवटचा बॉल तुझ्याकडं होता. तू रिंगखाली होतास. स्वतः टाकला असता. मला का दिला?"

तो माझ्याकडं बघतो, जसा कॅम्पात मठ्ठ पोराकडं बघायचा.

"तू मोकळा होता."

"बस?"

"मोकळा माणूस दिसला की बॉल द्यायचा. काल त्यानं काय केलं ते थोडंच बघतात. तेवढं बघत बसलो तर तीन सेकंद संपतात."

कप माझ्या हातात दिला होता. पेपरात फोटो माझा होता. दुकानात अजून लावलेला आहे, काच तडकलेली. त्याच्यात सुखाचा अर्धा हात दिसतो.

"मग आज काय सांगू?" मी म्हणतो.

"मी कशाला सांगू? मेलेल्या माणसाला भाषण लिहायला लावतो का?" तो कांदा घेतो, सिमेंटवर ठेवतो. "एवढंच कर. पोरांसमोर त्या जागेवर बंद करून चहाला जाऊ नको."

तो मूठ उचलतो. मग थांबतो आणि कांदा माझ्याकडं सरकवतो. "तू फोड."

मी मूठ वळतो. हात हलका वाटतो, माझा नसल्यासारखा. मारतो. धप. कांदा चार ठिकाणी फुटतो. अर्धा त्याला देतो, अर्धा मी घेतो. तिखट आहे. तो खातो, डोळे बारीक करतो आणि म्हशींकडं बघत राहतो. मी पण बघतो.

"आबा."

म्हशी गेल्या. पत्रा आहे.

"आबा, ओ आबा. पाच वाजले." हेमराज आहे, माझा पोरगा. स्कूटर दारात, चालूच. "किती झोपता. डबा परत तसाच. सगळे हॉलवर जमलेत."

मी उठून बसतो. बॉल बाकड्यावरून घरंगळतो आणि खडूची खूण वर करून थांबतो. पायात मुंग्या आहेत, त्या उतरायला लागतात, तसं दुखतं. मी तोंडावरून हात फिरवतो आणि हात तिथंच थांबतो.

चाळीस वर्षं माझ्या हाताला सोल्युशनचा वास आहे. रबर चिकटवायचं सोल्युशन. साबणानं जात नाही, रॉकेलनं जात नाही. बायको असती तर तिनं साक्ष दिली असती. आता तो वास नाही. हाताला कांद्याचा वास आहे. मुठीच्या कडेला, करंगळीखाली, जिथं मारतात तिथं ओलं आहे आणि कांद्याचं एक पातळ साल चिकटलंय. डोळ्यांना लागतं. अकरा दिवसांत पहिल्यांदा काहीतरी लागतं.

"काय झालं?" हेमराज म्हणतो.

"डब्यात कांदा होता का रे?"

"दुधी होता. उघडून तरी बघायचा." त्यानं पाण्याचा मग भरून पुढं केला. "घ्या, हातपाय धुवा, चला. तुमचं भाषण पहिलं आहे. बास्केटचं."

मी मग घेतला. पाय धुतले.

"हात?" तो म्हणाला.

"हात राहू दे," मी म्हणालो, आणि ती मूठ तशीच मिटून स्कूटरवर मागं बसलो.