हनुवटीखालचा भोवरा

न्हावी आयुष्यात दारूला शिवला नव्हता. "वस्तरा द्यावा तर ह्याच्याच हातात," म्हणत गिऱ्हाइकं डोळे मिटून मान मागे टाकत. तो खाली बघत फेस घोटत राही.

त्याला जुळा भाऊ होता. काही मिनिटांनीच मोठा, पण ह्याला कायम "धाकट्या" म्हणणारा. चेहरा तोच, रक्त तेच. मात्र सकाळी दोन घोट पोटात गेल्याशिवाय त्याला उभंही राहता येत नसे.

व्यसनमुक्ती केंद्रातले डॉक्टर म्हणाले होते, "रक्तातली ओढ दोघांनाही मिळालीय. पण स्वभावही हातभार लावतो. तुमचा भाऊ आधी उडी मारतो, मग पाणी बघतो. तुम्ही?"

"मी पाण्याजवळच जात नाही, डॉक्टर."

"म्हणून वाचलात. त्याला भरती करायचं तर घरचं कुणीतरी सोबत हवं. शुक्रवारी याल?"

तो हो म्हणाला. सगळे ज्याला चांगुलपणा म्हणत, तो नुसता भित्रेपणा होता. परतीच्या वाटेवर त्याला कुणाच्या नजरेला नजर देववेना.

शुक्रवारी दाढीला आलेला छापखानेवाला खुर्चीत बसला, पण मान मागे टाकेना.

"काल गुत्त्याबाहेर आडवा झाला होतास ना रे? तुला ओलांडून गेलो मी."

"मी नव्हतो तो."

"मग काय तुझं भूत होतं?"

"असेल कुणीतरी. मी नाही ओळखत."

बोलता बोलता त्याने आरशात पाहिलं. दारात भाऊ उभा होता. अंघोळ केलेला, शर्टाची बटणं एकेक घर चुकलेली. छापखानेवाल्याने एकदा हा चेहरा पाहिला, एकदा तो.

"आता बोल!"

बोलला भाऊच. "खरं सांगतोय हो तो. मी पण ह्याला ओळखत नाही. दाढीला आलो होतो, पण गर्दी दिसतेय."

दुकानात एकच गिऱ्हाईक होतं. भाऊ हसत माघारी वळला.

न्हाव्याच्या कानशिलांपर्यंत आग चढली. "दादा," त्याने हाक मारली. दुकानात हा शब्द त्याच्या तोंडून कधीच निघाला नव्हता. "बस इथे. मग केंद्रात जाऊ." छापखानेवाल्याकडे न बघता तो म्हणाला, "भाऊ आहे माझा. जरा थांबाल?"

छापखानेवाला खुर्चीतून उठला.

"हात थरथरतोय तुझा, धाकट्या," भाऊ खुर्चीत टेकत म्हणाला. "घेतलीस की काय?"

हनुवटीखाली डावीकडे केसांचा भोवरा उलटा फिरतो, तिथे हमखास कापतं. न्हाव्याने न बघताच तिथली कातडी बोटाने ताणून धरली. रोज सकाळी स्वतःची दाढी करताना तो हीच जागा जपत आला होता.